पबजीबंदीनंतर गुन्हे घटले का? एनसीआरबीच्या आकड्यांवरून सांगता येईल?

सत्रांत

नमस्कार मंडळी. एम.ए. समाजशास्त्राचा गटप्रकल्प आहे, विषय 'हिंसक व्हिडिओ गेम आणि गुन्हेगारी'. अमेरिकेतल्या संशोधनाची नुसती उजळणी करण्यापेक्षा इथलं काहीतरी तपासावं असं ठरलंय. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली. म्हणजे आयताच प्रयोग झाला, एका दिवशी गेम होता आणि दुसऱ्या दिवशी नव्हता. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) 'क्राइम इन इंडिया' या वार्षिक अहवालामधून महाराष्ट्राचे २०१९, २०२० आणि २०२१ चे आकडे घ्यायचे, आधीचे आणि नंतरचे ताडून पाहायचे आणि टी-टेस्ट (सरासरींतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का ते बघणारी चाचणी) लावायची, असा बेत आहे. शिवाय 'पबजीच्या नादात' अशा मथळ्यांची बरीच कात्रणं जमवली आहेत.

अडचण अशी की देशभरातले खून २०२० मध्ये किंचित वाढलेलेच दिसतात. बंदीचा परिणाम नाही असं लिहून मोकळं व्हावं का? कुठले गुन्हे घ्यावेत? आणि कात्रणांचं काय करायचं?

आकडेमोड

कल्पना चांगली आहे, पण नेमकं २०२० निवडलंत तिथेच घात झाला. तारखा मांडून बघा.

२५ मार्चपासून टाळेबंदी. दारूची दुकानं ४ मेपर्यंत बंद. १ सप्टेंबरपासून अनलॉक-४, म्हणजे लोक पुन्हा रस्त्यावर. आणि लगेच २ सप्टेंबरला पबजीबंदी. एका दिवसाच्या अंतराने दोन मोठ्या गोष्टी बदलल्या, तर पुढच्या बदलाचं खापर किंवा श्रेय कोणाला देणार? हाणामारीचे गुन्हे लोक घराबाहेर असण्यावर आणि दारू मिळण्यावर इतके अवलंबून असतात की त्यापुढे गेमचा सूर ऐकूच येणार नाही.

दुसरं म्हणजे २ सप्टेंबरला गेम बंद झालाच नाही. ॲप स्टोअरवरून गेलं, पण ज्यांच्या फोनमध्ये आधीच होतं त्यांचं चालू राहिलं. कंपनीने भारतातले सर्व्हर ३० ऑक्टोबरला बंद केले. त्यानंतरही व्हीपीएन लावून कोरियन आवृत्ती खेळणारे होतेच, आणि बाकीची मुलं फ्री फायर आणि कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल या तसल्याच गेमकडे वळली. गोळ्या झाडायच्या थांबल्या नाहीत, फक्त मैदान बदललं. २ जुलै २०२१ ला तोच गेम बीजीएमआय नावाने परतला, रक्ताचा रंग तेवढा लालऐवजी हिरवा झाला. म्हणजे तुमचा खरा 'बंदीकाळ' जेमतेम आठ महिन्यांचा, आणि त्यात दुसरी लाट व एप्रिल २०२१ पासूनचे निर्बंधही आले. एनसीआरबीचे आकडे मात्र जानेवारी ते डिसेंबर. आठ महिन्यांचा तुकडा दोन वर्षांच्या बेरजांमध्ये वाटला जाऊन विरघळतो.

बंदीचं कारण हिंसा हे नव्हतंच, हेही प्रकल्पात लिहा. आदेश माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली, देशाच्या सुरक्षिततेचं कारण देऊन, आणखी ११७ ॲपसोबत निघाला होता.

टी-टेस्टबद्दल. आधीचं एक वर्ष, नंतरचं एक वर्ष, म्हणजे दोन आकडे. दोन आकड्यांवर टी-टेस्ट होत नाही, नुसती वजाबाकी होते. त्या वजाबाकीत नैसर्गिक चढउतार किती याचा अंदाज आधी काढा. महाराष्ट्रात २०२२ मध्ये खुनाचे २,२९५ गुन्हे नोंदले गेले. मोजणीच्या आकड्यांत कमीत कमी हेलकावा वर्गमुळाइतका धरतात, म्हणजे सुमारे ४८. दोन वर्षांच्या फरकाचा हेलकावा त्याच्या १.४१ पट, सुमारे ६८. त्याची दुप्पट १३५ च्या आसपास. म्हणजे काहीही घडलं नसतानाही दोन वर्षांत १३५ खुनांचा, सुमारे ६ टक्क्यांचा, फरक सहज पडू शकतो.

आता गेमच्या विरोधकांना हवं ते देऊन टाका. समजा खुनांपैकी पाव गुन्हे गेम खेळणाऱ्यांच्या हातून होतात, आणि गेममुळे त्यांच्यातला धोका १० टक्क्यांनी वाढतो. गेम पूर्ण नाहीसा केला तर किती खून कमी होतील? २,२९५ चा पाव भाग ५७४, त्याला १.१ ने भागलं की ५२२. फरक ५२. हा ५२ चा आकडा १३५ च्या हेलकाव्यात बुडून जातो. वीस लाख वस्तीचा जिल्हा घेतलात तर वर्षाला ३५-४० खून, आणि त्यांचा हेलकावा निम्म्यापर्यंत. जिल्हावार तुलनेचा तर विचारच सोडा.

म्हणून 'परिणाम नाही' असं लिहू नका. 'या पद्धतीने परिणाम असता तरी दिसला नसता' असं लिहा. दोन्ही वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तोंडी परीक्षेत नेमकं तिथेच धरतील.

मुद्देमाल

आकडेमोड यांनी गणित सांगितलं. हे आकडे ठाण्यात तयार कसे होतात ते मी सांगतो, कारण त्यात आणखी खड्डे आहेत.

सर्वात मोठा खड्डा २०२० च्या एकूण आकड्यात आहे. त्या वर्षी देशात ६६,०१,२८५ दखलपात्र गुन्हे, आदल्या वर्षापेक्षा २८ टक्के जास्त. वाचून घाबरायला होतं. पण भारतीय दंड विधानाचं (भा.दं.वि.) कलम १८८, म्हणजे लोकसेवकाच्या आदेशाचं उल्लंघन, यातले गुन्हे २९,४६९ वरून ६,१२,१७९ वर गेले होते. मास्क, संचारबंदी, दुकान उघडं ठेवणं वगैरे. तेव्हा 'एकूण गुन्हे' हा रकाना हातात घेऊच नका.

(याच कलमाचा एक गमतीदार धागा: मार्च २०१९ मध्ये राजकोटच्या पोलीस आयुक्तांनी कलम १४४ चा आदेश काढून पबजी खेळायला मनाई केली आणि खेळणाऱ्या काही तरुणांना अटक झाली. अशा मनाईचं उल्लंघन १८८ मध्येच जातं. गेममुळे नोंदलेले गुन्हे वाढल्याचं निर्विवाद उदाहरण हवं असेल तर हे घ्या.)

दुसरं, एका एफआयआरमध्ये पाच कलमं असली तरी एनसीआरबी त्यातलं सर्वात जड शिक्षेचं एकच कलम मोजते. दंगा, दुखापत आणि खून एकाच घटनेत असले तर आकडा फक्त खुनात जातो.

तिसरं तुमच्या विषयाला थेट भिडतं. गेममुळे मुलं चिडखोर होत असतील तर ते आधी कशात दिसेल? खुनात नव्हे, थपडा-बुक्क्यांत. ती साधी दुखापत, जुनं कलम ३२३, अदखलपात्र आहे. तिची एन.सी. (अदखलपात्र नोंद) होते, एफआयआर नाही, आणि ती दखलपात्र गुन्ह्यांच्या मोजणीत येत नाही. हत्यार वापरलं, कलम ३२४ लागलं, तरच तुमच्या तक्त्यात दिसणार. म्हणजे ज्या पायरीवर परिणाम शोधायला हवा, ती पायरीच तक्त्यात गायब.

अल्पवयीनांचं आणखी वेगळं. २०१६ च्या केंद्रीय नमुना नियमांतला नियम ८ सांगतो की बालकाने केलेला अपराध अतिगंभीर, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षेचा, असेल किंवा प्रौढांबरोबर मिळून केलेला असेल तरच एफआयआर करायचा. नाहीतर ठाणे दैनंदिनीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल. त्यामुळे 'विधिसंघर्षग्रस्त बालकांचे (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीनांचे) गुन्हे' हा आकडा मुलांच्या भांडणांचा आरसा नव्हे. आणि तो घेतलातच तर पंचाईत बघा: २०२० मध्ये २९,७६८ आणि २०२१ मध्ये ३१,१७०. तुमच्या तर्काने चालायचं तर पबजी बंद केल्यामुळे मुलांचे गुन्हे वाढले! अर्थात शाळा, कॉलेज आणि रस्ते उघडल्याचा तो परिणाम असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

चौथं, तारीख. वार्षिक आकडा गुन्हा दाखल झाल्याच्या तारखेने लागतो. दिवस-आठवड्याचं गणित करायचं तर घटनेची तारीख हवी. एफआयआरच्या नमुन्यात रकाना ३ मध्ये घटनेचा वार, तारीख आणि वेळ असते, रकाना ८ मध्ये तक्रारीला उशीर झाल्याचं कारण. हे दोन रकाने वाचायची सवय लावा.

२०२४ नंतरचे आकडे जोडणार असाल तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे. ३०२ (खून) चं १०३ झालं, ३०७ (खुनाचा प्रयत्न) चं १०९, ३२४ चं ११८(१), १८८ चं २२३. त्या वर्षाचे सहा महिने जुन्या कलमांत आणि सहा नव्या, असे मिसळलेले असतात. जोडणीचा तक्ता आधी करून ठेवा.

सत्रांत

बाप रे. म्हणजे मूळ आराखडाच मोडीत. दोन प्रश्न राहिले. एक, प्रयोगशाळेतल्या संशोधनात 'आक्रमकता वाढते' असं स्पष्ट लिहिलेलं सापडतं, त्याचं काय? दोन, मासिक आकडे मिळवायचे असतील तर माहिती अधिकारात मिळतील का?

मनोमापक

पहिल्याचं मी घेते.

'आक्रमकता' म्हणजे त्या पेपरात नक्की काय मोजलंय, हे पद्धतीच्या भागात जाऊन वाचा. सारांशावर थांबू नका. सर्वात गाजलेली पद्धत आवाजाची. सहभागीला पंधरा ते तीस मिनिटं गेम खेळायला देतात. मग सांगतात की शेजारच्या खोलीतल्या प्रतिस्पर्ध्याशी बटण दाबायची शर्यत आहे, जिंकलात तर त्याच्या कानात कर्कश आवाज सोडा, किती मोठा आणि किती वेळ ते तुम्ही ठरवा. प्रतिस्पर्धी नसतोच, हार-जीत संगणकाने आधीच ठरवलेली. निवडलेला आवाज म्हणजे 'आक्रमकता'.

खोट कुठे आहे? आवाजाची पातळी घ्यायची की कालावधी? दोघांचा गुणाकार? सगळ्या फेऱ्यांची सरासरी, की फक्त पहिली फेरी? की सर्वात मोठ्या आवाजाची निवड किती वेळा झाली ते? जर्मन संशोधक माल्टे एल्सन यांनी या चाचणीवरचे पेपर गोळा केले तेव्हा आकडा काढायच्या दीडशेवर वेगवेगळ्या रीती निघाल्या. एवढ्या वाटा मोकळ्या असल्या की त्यातली एक तरी 'परिणाम आहे' या गावाला पोचतेच, आणि कोणी लबाडी केलेली असायची गरजही नसते. दुसरी पद्धत तिखट सॉसची: समोरच्याला तिखट आवडत नाही असं सांगून त्याच्यासाठी किती ग्रॅम सॉस वाढता ते तोलायचं. याला गुन्हा म्हणायचं तर आपल्याकडच्या निम्म्या खानावळी आत जातील.

म्हणून गेल्या काही वर्षांत मोजमाप आणि विश्लेषण आधीच जाहीर करून अभ्यास करण्याकडे कल आहे. ऑक्सफर्डचे अँड्र्यू प्रिझिबिल्स्की आणि कार्डिफच्या नेटा वाइनस्टाइन यांनी २०१९ मध्ये १४-१५ वर्षांच्या १,००४ ब्रिटिश मुलांवर असा अभ्यास केला. मुलांच्या आक्रमक वागण्याबद्दल पालकांना विचारलं, आणि गेम हिंसक आहे की नाही हे मुलांच्या सांगण्यावर न सोडता अधिकृत वयश्रेणीवरून ठरवलं. संबंध सापडला नाही. जर्मनीत एका गटाला दोन महिने रोज जीटीए-५ हा हिंसक गेम, दुसऱ्याला सिम्स-३ हा अहिंसक गेम आणि तिसऱ्याला काहीच नाही, असंही करून पाहिलं. आक्रमकतेच्या प्रश्नावल्यांत गटागटांत फरक पडला नाही.

दुसरी बाजूही मांडा, नाहीतर प्रकल्प एकतर्फी होईल. २०१८ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात २४ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. १७ हजारांवर मुलं, ३ महिने ते ४ वर्षं पाठपुरावा. हिंसक गेम खेळणाऱ्यांत पुढे शारीरिक आक्रमकता वाढल्याचं दिसलं. सहसंबंध ०.११, मुलांची आधीची पार्श्वभूमी वगैरे हिशेबात धरल्यावर ०.०८. यांचा वर्ग करा: मुलामुलांतल्या फरकापैकी १.२ टक्के आणि ०.६ टक्के. शून्य नाही, पण 'आक्रमकता' इथे शाळेतली मारामारी, ढकलाढकली या दर्जाची आहे. त्यावरून खुनाच्या दरावर उडी मारायला मधल्या दहा पायऱ्या नाहीत.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची भूमिकाही याच कड्यावर उभी आहे. आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमक वर्तनाशी लहानसा संबंध ती मान्य करते, पण खऱ्या हिंसाचाराचं कारण म्हणून गेमकडे बोट दाखवणं विज्ञानाला धरून नाही, असं तिने २०२० च्या ठरावात म्हटलं. विद्यार्थी हमखास आक्रमकतेशी संबंध सांगणारा २०१५ चा ठराव तेवढा उद्धृत करतात. दोन्ही वाचा.

जुना पेपर वापरायच्या आधी तो मागे तर घेतला नाही ना, हेही बघा. नेमबाजीच्या गेमने खऱ्या बंदुकीचा नेम सुधारतो असं सांगणारा २०१२ चा एक पेपर बातम्यांत खूप फिरला. विदेतल्या (डेटातल्या) विसंगतींमुळे तो २०१७ मध्ये मागे घेतला गेला. बातम्या मात्र अजून जागच्या जागी आहेत.

डूमकालीन

एवढा खल कशाला? अमेरिकेत हिंसक गुन्ह्यांचा दर १९९१ मध्ये लाखाला ७५० च्या वर होता. 'मॉर्टल कॉम्बॅट' १९९२ चा, 'डूम' डिसेंबर १९९३ चा, मग जीटीए-३ २००१ मध्ये, जीटीए-५ २०१३ मध्ये. आणि २०१४ पर्यंत दर ४०० च्याही खाली. गेम वाढले, गुन्हे निम्म्यावर. जपान-कोरियात घरोघर गेम आणि खून नगण्य. विषय संपला. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही अल्पवयीनांना हिंसक गेम विकायला मनाई करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा ७ विरुद्ध २ ने रद्द केला की.

आकडेमोड

डूमकालीन, निष्कर्ष बरोबर असेलही, पण तिथे जायची ही वाट नव्हे. त्याच वर्षांत अमेरिकेतली शिसं मिसळलेल्या पेट्रोलच्या धुरात (शिसं मेंदूला अपाय करतं) वाढलेली पिढी संपली, क्रॅक कोकेनची साथ ओसरली, तुरुंग भरले, पोलीस वाढले. 'गेम वाढले आणि गुन्हे घटले' याच पद्धतीने 'मोबाइलचे मनोरे वाढले म्हणून गुन्हे घटले' हेही सिद्ध होईल. जपान-कोरियाचंही तेच. तिथे बंदूक मिळणं किती अवघड आहे ते आधी बघा. या तुलनांचा उपयोग एवढाच: गेममुळे गुन्ह्यांचा पूर येतो असं कोणी म्हणालं तर तो दावा टिकत नाही. छोटा परिणाम आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. निकालही सरकार तसा कायदा करू शकतं का एवढ्यावर होता. कॅलिफोर्नियाने पुढे केलेला पुरावा न्यायालयाला पटला नाही, हे खरं.

छोटा परिणाम पकडायचा तर वेळेचा तुकडा लहान करावा लागतो. अर्थशास्त्रज्ञांनी ते केलंय, आणि सत्रांत, तुमच्या प्रकल्पाचा साहित्य-आढावा इथूनच सुरू व्हायला हवा.

गॉर्डन डाल आणि स्टेफानो देलाविन्या यांनी २००९ मध्ये गेमऐवजी सिनेमा घेतला. अमेरिकेत दर शुक्रवारी नवे चित्रपट लागतात, एखाद्या आठवड्यात अतिहिंसक, एखाद्या आठवड्यात प्रेमपट. कुठल्या शनिवार-रविवारी किती लोकांनी हिंसक चित्रपट पाहिला आणि त्या संध्याकाळी हल्ल्याचे किती गुन्हे नोंदले गेले, हे ताडून पाहिलं. निघालं उलटंच. हिंसक चित्रपटाच्या दर दहा लाख प्रेक्षकांमागे संध्याकाळी ६ ते मध्यरात्र या वेळात हल्ले १.१ ते १.३ टक्क्यांनी कमी. कारण साधं आहे. मारामारी करू शकणारी तरुण पोरं त्या वेळी थिएटरात बसलेली असतात आणि दारू पीत नसतात. म्हणून मध्यरात्रीनंतरही, खेळ सुटल्यावर, आकडा खालीच राहतो.

यात लक्षात ठेवायचं ते हे: गेमचे दोन वेगळे परिणाम असू शकतात. एक मजकुराचा, म्हणजे हिंसा पाहून-खेळून डोकं भडकतं का. दुसरा वेळेचा, म्हणजे खेळणारा माणूस तेवढा वेळ गल्लीत नसतो. गुन्ह्याच्या आकड्यांत दोघांची बेरीज-वजाबाकी होऊन एकच संख्या दिसते. स्कॉट कनिंगहॅम, बेंजामिन एंगेलश्टेटर आणि मायकेल वॉर्ड यांनी २०१६ मध्ये गेमच्या आठवडी विक्रीवर असंच काम केलं. विक्री आणि गुन्हे दोन्ही सुट्ट्यांत वाढतात, ही मुख्य भेसळ. ती काढायला त्यांनी समीक्षकांनी गेमला दिलेले गुण वापरले. गुण चांगले तर खप जास्त, पण समीक्षकाच्या गुणांचा आणि त्या आठवड्यातल्या मारामारीचा थेट संबंध असायचं कारण नाही. हिंसक गेमच्या खपाने गुन्हे वाढल्याचं दिसलं नाही, झुकाव असलाच तर घटीकडे. नेदरलँड्समध्ये जीटीए-५ बाजारात आल्यानंतरच्या काळात अल्पवयीनांचे नोंदलेले गुन्हे घटल्याचं आढळलं, तेही याच जातीचं.

ही घट मजकूर निरुपद्रवी असल्याचा पुरावा म्हणून वापरू नका. पोरगा घरात आहे, एवढंच त्यातून कळतं.

मुद्देमाल

माहिती अधिकाराबद्दल. राज्यभराचे वार्षिक आकडे पुण्याच्या सीआयडीच्या 'क्राइम इन महाराष्ट्र'मध्ये आहेत, त्यासाठी अर्ज करत बसू नका. मुंबई पोलिसांचे मासिक आकडे त्यांच्या संकेतस्थळावर असतात, तेही आधी बघा. उरलेल्यासाठी अर्ज.

अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. मुदत ३० दिवस. अर्ज नाकारला जातो तो बहुतेक वेळा प्रश्न चुकीचा विचारल्यामुळे. 'पबजीमुळे किती गुन्हे झाले' असं विचारलंत तर 'अशी माहिती संकलित केली जात नाही' हे उत्तर येणार, आणि ते खरंच असतं. एनसीआरबीच्या खुनाच्या हेतूंच्या तक्त्यात २०२२ मध्ये वादविवाद ९,९६२, वैयक्तिक वैमनस्य ३,७६१, लाभासाठी १,८८४ अशी शीर्षकं आहेत. गेम असं शीर्षकच नाही.

असं मागा: 'अमुक आयुक्तालयात १ जानेवारी २०१८ ते ३१ डिसेंबर २०२३ या काळात भा.दं.वि. कलम ३०७, ३२४, ३२६ आणि १४७ खाली दाखल गुन्ह्यांची महिनावार व कलमनिहाय संख्या.' फक्त संख्या. नावं, एफआयआरच्या प्रती, आरोपींची वयं मागितलीत की तपासात अडथळा किंवा बालकाची ओळख या कारणाने अडकेल. जास्तच बारीक फोड मागितली तर कलम ७(९) पुढे येतं, कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर खर्ची पडेल म्हणून. महिनावार ठीक, दिवसवार नको.

तुमच्या सत्रात ३० दिवस आणि पहिल्या अपिलाचे पुढचे ३० ते ४५ दिवस मावतात का, ते आधी मोजा.

रविवार_पुरवणी

कात्रणं फेकू नका. तुमच्या हातातला सर्वात चांगला माल तोच आहे, फक्त प्रश्न उलटा करा. 'गेममुळे गुन्हे होतात का' याचं उत्तर कात्रणं देऊच शकत नाहीत. बंदीच्या वेळी पबजी भारतात १७.५ कोटी वेळा उतरवलं गेलं होतं असा अंदाज होता. समजा एखाद्या शहरात १६ ते २४ वयाची निम्मी पोरं गेम खेळतात. मग त्या वयाच्या निम्म्या आरोपींच्या फोनमध्ये गेम सापडणारच, काही संबंध नसला तरी. आरोपी क्रिकेट बघायचा हे मथळ्यात येत नाही, गेम येतो.

उलटा प्रश्न असा: बातमी गेमला दोष देते तेव्हा आतल्या मजकुरात प्रत्यक्षात काय असतं? त्यासाठी सांकेतिक तक्ता करा. रकाने साधारण असे ठेवा: मथळ्यात गेमचं नाव आहे का, संबंध कोणी जोडला (पोलीस, नातेवाईक, शेजारी की निनावी), वादाचं तात्कालिक कारण, आरोपी-पीडित नातं, घटनेआधी कितीवेळ खेळत होता याचा उल्लेख, नशा, मानसिक आजार, आधीची भांडणं यांचा उल्लेख, नंतर पाठपुराव्याची बातमी आली का.

तात्कालिक कारणाच्या रकान्याला सर्वात जास्त जपा. पर्याय वेगळे ठेवा: फोन काढून घेतला, रिचार्ज किंवा नव्या फोनला पैसे नाकारले, गेममधल्या खरेदीसाठी चोरी, खेळतानाचं भांडण प्रत्यक्षात उतरलं, आणि गेममधल्या कृतीची नक्कल. 'गेमच्या नादात' हा एकच मथळा या पाचांवर बसतो, पण हिंसक मजकुराचा प्रश्न फक्त शेवटच्यात, आणि थोडाफार चौथ्यात आहे. पहिले तीन पैशाचे आणि फोनच्या मालकीचे वाद. तिथे गेमऐवजी रील्स असती तरी तेच झालं असतं. ऑनलाइन रमीत हरून केलेल्या चोऱ्या तर वेगळ्याच काढा. तो जुगाराचा प्रश्न आहे, २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोखही पैसे लावायच्या खेळांवर आहे.

कात्रणं गोळा करताना शोधशब्दात 'पबजी' टाकलात की निवड आधीच वाकडी होते. त्यापेक्षा एक वर्तमानपत्र आणि एक आवृत्ती धरा, ठरलेल्या महिन्यांतल्या २५ वर्षांखालच्या आरोपींच्या सगळ्या हिंसक गुन्ह्यांच्या बातम्या घ्या, आणि त्यात किती ठिकाणी गेम येतो ते मोजा. छेद असेल तर अंशाला अर्थ.

गटातल्या दोघांनी एकमेकांना न दाखवता त्याच बातम्यांना संकेत द्यायचे आणि कोहेनचा कप्पा (दोघांचे संकेत किती जुळतात हे मोजणारा आकडा) काढायचा. ०.७ च्या खाली आला तर रकान्याची व्याख्या ढिली आहे, ती घट्ट करून पुन्हा. 'तात्कालिक कारण' पहिल्या फेरीत हमखास गडगडतं, कारण बातमीत दोन कारणं असतात. नियम आधीच लिहून ठेवा: घटनेच्या आधी शेवटचं जे घडलं ते.

मुद्देमाल

यात एक भर. पहिली बातमी बहुधा पोलिसांच्या तोंडी माहितीवर असते, आणि ती घटनेच्या दुसऱ्या दिवशीची. दोषारोपपत्र ६० किंवा ९० दिवसांच्या सुमारास जातं, आणि त्यातला हेतू वेगळा असू शकतो. पाठपुराव्याचा रकाना भरताना निदान चार महिने पुढच्या बातम्या बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशामुळे बहुतेक एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर २४ तासांत चढतात, संवेदनशील सोडून. घटना आणि तारीख जुळली तर एफआयआरमधला मजकूर बातमीशेजारी ठेवून वाचा. नावं प्रकल्पात घेऊ नका, अल्पवयीन असेल तर गावाचंही नाव नको. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ ओळख उघड करायला मनाई करतं.

सत्रांत

सगळ्यांचे मनापासून आभार. गटाशी बोललो. एनसीआरबीची तुलना वगळतोय, ती का चालणार नाही याचं प्रकरण मात्र आकडेमोड यांच्या गणितासह ठेवतोय. मुख्य काम बातम्यांच्या तक्त्याचं. जोडीला मुंबईचे २०१८ आणि २०१९ चे मासिक आकडे आणि गूगल ट्रेंड्सवरचा 'पबजी'चा शोध, असं एक छोटं परिशिष्ट देऊ का? टाळेबंदीच्या आधीची वर्षं आहेत आणि गेम तेव्हाच वाढत होता.

आकडेमोड

द्या, पण परिशिष्टातच. ट्रेंड्सचा आकडा म्हणजे शोधांची संख्या नव्हे. निवडलेल्या काळातल्या सर्वोच्च बिंदूला १०० धरून बाकीचे त्या मापात असतात. काळ बदलला की सगळे आकडे बदलतात, म्हणून दोन्ही वर्षं एकाच वेळी उतरवा. नमुन्यावर आधारित असल्याने आज आणि उद्या उतरवलेल्यात थोडा फरक पडतो. चार-पाच दिवस रोज उतरवून सरासरी घ्या. आणि लोक शोध घेतात तो गेम नवा असताना, अंगवळणी पडल्यावर नाही, तेव्हा शोध उतरला म्हणजे खेळणं उतरलं असं धरू नका.

२४ महिने म्हणजे २४ बिंदू. सरळ सहसंबंध काढलात तर दोन्ही रेषा काळाबरोबर वर जातात म्हणूनच तो मोठा येईल. आधीच्या महिन्यापासूनचा फरक घ्या, मग २३ बिंदू उरतील. गणेशोत्सव, होळी आणि मे महिना यांच्या खुणा आलेखावर करा. एवढं केल्यावर जो सहसंबंध येईल त्याच्या शेजारी ९५ टक्क्यांची मर्यादा लिहा. सहसंबंध शून्याजवळ आला तर २३ बिंदूंवर ती साधारण उणे ०.४ ते अधिक ०.४ इतकी रुंद असते. त्यात शून्य असणारच, आणि मनोमापक यांनी सांगितलेलं ०.०८ सुद्धा.